अज्ञान, वय वर्षे नऊ

कोर्टाच्या मराठीत लहान मुलाला अज्ञान म्हणतात.
सातबाऱ्यावरही तसंच: अ.पा.क., पुढं आईचं नाव.
सतरा वर्षं या बालकक्षाची किल्ली माझ्याकडं आहे,
अजून मला इथं एकही अज्ञान भेटलेलं नाही.

स्वराली व्हटकर. पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक.
आई दारात सोडते, आत येत नाही,
बावड्याच्या बसथांब्यावर दोन तास उभी राहते.
बाप येतो सुभाषनगरातून, सायकलवर,
बोटांना कातड्याचा आणि तेलाचा वास, नखात रापीची जुनी खूण.

रजिस्टरात रकाना आहे: सोबत आणलेली वस्तू.
बाकीचे बाप कुरकुरे आणतात, बाहुली आणतात,
हा कागद आणतो आणि पेन्सिल.
"ठेव पाय."
टाचेपासून निघालेली रेघ
अंगठ्याला वळसा घालून परत येते,
गुदगुल्या होतात, ती हलते, रेघ चुकते.
तो खोडत नाही.
त्या चुकीसकट तळ कापतो, म्हणाला.

पुढच्या खेपेला चपला.
वेणी बारीक, कानाला लाल गोंडा,
पाऊल टाकलं की करकर.
फक्त दोन बोटं मोठ्या.
"वाढतं अंग हाय, वरीसभर जातील."
ती बोटं आखडून चालते,
खुर्चीपासून खिडकीपर्यंत, आणि परत,
आणि "बसल्या" म्हणते.

फायलीत वेगळंच.
महिना साडेतीन हजार, मुलीच्या नावानं,
सात महिने थकलेले.
त्याच्या वकिलानं चपलांची यादी जोडली:
पाच जोड, महाद्वार रोडच्या भावानं,
पोटगीतून वजा व्हावेत ही विनंती.
मॅडमनी वाचलं, चष्मा काढून ठेवला.
"व्हटकर, पोटगीत पोट असतं."
स्टेनोनं ते टाइप केलं नाही.

मी त्याची बाजू घेत नाही.
पोरीची दाढ किडली होती मार्चमध्ये.
दाढ काय वर्षभर थांबत नाही,
दुखायची ती त्याच रात्री दुखते,
आणि आईनं पिको-फॉलच्या साड्यांवर ती काढून घेतली.

आईचीही सगळी घेत नाही.
जानेवारीतले दोन्ही शनिवार "ताप" म्हणून गेले.
पोरगी मला नंतर म्हणाली, मावशी, मी रंकाळ्यावर भेळ खात होते.
रजिस्टरात ताप आहे.
अक्षर माझं.

मग मॅडमनी तिला चेंबरमध्ये बोलावलं.
काळा कोट खुर्चीला टांगलेला, टेबलावर राजगिऱ्याचा लाडू.
मी दाराशी.
आई पाहिजे की बाबा, असं विचारलं नाही,
एवढंच: तुला काही सांगायचंय?
पोरीनं लाडवाचा कागद दुमडला,
चार घड्या, आठ, मग दुमडेना.
"बाबांना सांगा, आत्ता बसतील त्या करा.
पुढच्या वर्षीचा पाय पुढच्या वर्षी मापा."
मॅडम लिहायला लागल्या, तोवर:
"आणि आईला सांगा, मला ताप नव्हता."

हुकूम झाला.
थकबाकी तीन हप्त्यांत.
शनिवार बुडाला तर लगेचच्या रविवारी भरून द्यायचा.
चपलांबद्दल एक ओळ नाही.

पहिला हप्ता आला. दुसरा दहा दिवस उशिरा, पण आला.
परवा तो कागद घेऊन बसला.
"ठेव" म्हणायच्या आत तिनं पाय ठेवला,
गुडघा दोन्ही हातांनी धरला, हललीच नाही.
रेघ सरळ आली.
तो ती बघत राहिला बराच वेळ,
नेहमीची दोन बोटं कागदावर ठेवली,
उचलली.
"पुढच्या शनिवारी आणतो."
"तिसऱ्या," ती म्हणाली.

थांब्यावर आई उठून उभी राहिलेली खिडकीतून दिसत होती.
मी लिहिलं: वस्तू, कागद एक, पेन्सिल एक.
घड्याळात एक वाजून चार मिनिटं झाली होती.
मी एक लिहिलं.